जॉब एक्स्पायर झाला, म्हणजे नेमकं काय संपलं?

क्यू म्हणजे कामांची (जॉबची) रांग, जिच्यातून वर्कर नावाचे प्रोग्रॅम एकेक जॉब उचलून पुरा करतात. क्यूवर नव्याने काम करणाऱ्यांचा पहिला घोळ 'एक्स्पायर' या शब्दातच होतो. पाच मिनिटं चालणारा ओटीपी दहाव्या मिनिटाला पाठवून उपयोग नाही. तिथे कामाचीच मुदत संपली, जॉब टाकून द्यायचा. पण वर्करने जॉब उचलला आणि ठरल्या वेळेत 'झालं' असं कळवलं नाही, तर संपते ती त्याची लीज, म्हणजे जॉब स्वतःपाशी ठेवायची मुदत. काम अजून हवंच असतं, म्हणून जॉब परत रांगेत येतो.

खरा त्रास या दुसऱ्या प्रकाराचा. लीज संपली म्हणजे वर्कर मेला, असं धरू नका. तो संथ डेटाबेसपाशी किंवा लांबलेल्या गार्बेज कलेक्शनमध्ये (नको असलेली मेमरी मोकळी करण्यात) अडकलेला असू शकतो आणि सुटला की उरलेलं काम निवांत पुरं करतो. तोवर दुसऱ्याने तेच काम उरकलेलं असतं, आणि ग्राहकाला बिल दोनदा जातं.

ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू सेवेत ही लीज मुळात 30 सेकंदांची असते, जास्तीत जास्त 12 तासांची करता येते. पण सुरुवातीलाच 12 तास ठेवलेत, तर वर्कर खरोखर मेल्यावर जॉब तेवढा वेळ कुणालाच दिसणार नाही. त्यापेक्षा 60 सेकंदांची लीज आणि दर 20 सेकंदांनी मुदतवाढ बरी. मुदतवाढ वेगळ्या थ्रेडमधून (त्याच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागातून) देत असाल तर एकूण वेळेलाही मर्यादा घाला, कारण मुख्य थ्रेड लटकला तरी हा थ्रेड इमानदारीने मुदत वाढवत बसतो.

पोस्टग्रेस डेटाबेसवर स्वतःची क्यू बांधत असाल तर जॉब 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरून उचला (दुसऱ्याने लॉक केलेल्या ओळी ते वगळतं; आवृत्ती 9.5 पासून आहे) आणि दर उचलीला जॉबच्या ओळीतला एक आकडा, म्हणजे टोकन, एकाने वाढवा. 'पूर्ण' अशी नोंद करताना अट घाला, की टोकन आपलंच असलं पाहिजे. 0 ओळी बदलल्या तर लीज गेलेली आहे, ट्रान्झॅक्शन रोलबॅक करा, म्हणजे त्यातले बदल मागे घ्या. वेळ डेटाबेसच्या घड्याळाची घ्या, वर्करच्या नको. मात्र बाहेरच्या पेमेंट सेवेला तुमच्या टोकनशी देणंघेणं नसतं. तिला जॉबचा आयडी आयडेम्पोटन्सी की म्हणून (तीच विनंती पुन्हा आली तर ओळखायची खूण म्हणून) पाठवावा लागतो.

कामाच्या मुदतीबद्दल थोडंच. रॅबिटएमक्यू या क्यू सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मेसेजला (इथे जॉबला) वेगळी मुदत दिलीत, तर मुदत संपलेला मेसेज रांगेच्या तोंडाशी आल्यावरच निघतो. एक तासवाल्याच्या मागे एक मिनिटवाला पडून राहतो. म्हणून वर्करनेही काम सुरू करण्याआधी मुदत तपासावी.

सेलेरी (पायथनमधली जॉब चालवणारी लायब्ररी) रेडिस या डेटा स्टोअरवर चालवत असाल तर 'ईटीए', म्हणजे जॉब ठरावीक वेळेआधी चालवू नको असं सांगणारा पर्याय, जपून वापरा. लीज मुळात एक तासाची असते. तीन तासांनंतरचं काम वर्कर आत्ताच उचलून धरून ठेवतो, तासाभराने तेच दुसऱ्याच्या हाती पडतं, आणि वेळ आली की दोघंही ते चालवतात.