अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी: स्लो कुकरमधला क्रीमी चिकन पास्ता

अमेरिकेत नव्याने संसार मांडणाऱ्या मराठी मंडळींना मी आवर्जून सांगतो की, पहिल्या एक-दोन महिन्यांतच एक स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारे विजेचे भांडे) घ्या आणि त्यात सर्वप्रथम क्रीमी चिकन पास्ता करून पाहा. येथील अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर बहुधा बैठकीच्या खोलीलाच जोडलेले असते, शेगडीवरचा पंखा अनेक ठिकाणी धूर बाहेर न टाकता जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो, आणि खमंग फोडणी जरा जास्त तापली की छतावरचा स्मोक अलार्म वाजू लागतो. स्लो कुकरमध्ये धूर होत नाही, शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत आणि कामावरून परतेपर्यंत चिकन मऊ शिजलेले असते. हे उपकरण येथेच विकत घ्यावे, कारण येथील वीज १२० व्होल्टची असल्याने भारतातील २३० व्होल्टची उपकरणे येथे नीट चालत नाहीत. दोघांच्या घराला चार क्वार्टचा (सुमारे पावणेचार लिटरचा) कुकर पुरतो. मात्र ठरलेल्या वेळेनंतर आपोआप 'वॉर्म'वर (अन्न फक्त गरम ठेवण्यावर) जाणारा, टायमर असलेला कुकरच निवडावा.

हा कुकर प्रेशर कुकरच्या नेमका उलट स्वभावाचा आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. चिनीमातीचे जड भांडे बाहेरून हळूहळू तापते, झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन पुन्हा आत पडते आणि त्यामुळे रस्सा जवळजवळ आटतच नाही. आपल्या सवयीने पाणी घातले तर शेवटी पातळ सूप हाती येते. झाकण उघडून ढवळत राहण्याची सवयही येथे सोडावी लागते, कारण प्रत्येक वेळी कोंडलेली उष्णता निघून जाते आणि शिजण्याचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी लांबतो.

चिकनच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: हाड व कातडी काढलेले 'थाय' (मांडीचे मांस) घ्यावे, 'ब्रेस्ट' (छातीचे मांस) घेऊ नये. ब्रेस्टमध्ये चरबी फार कमी असल्याने दिवसभराच्या शिजण्यात ते कोरडे व चिवट होते; थाय मात्र पाच-सहा तासांनंतरही रसाळ राहते. चिकन गोठवलेले असेल तर आदल्या रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून पूर्ण वितळू द्यावे. गोठलेले मांस थेट स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये, कारण ते ४० ते १४० अंश फॅरनहाइट या तापमानाच्या टप्प्यात फार वेळ रेंगाळते आणि याच टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. आपल्याकडे चिकन हळद-मीठ लावून नळाखाली धुतात; येथील कृषी खाते तसे न धुण्याचा सल्ला देते, कारण उडणाऱ्या शिंतोड्यांनी सिंक आणि ओटा दूषित होतो. मलाही तो सल्ला पटतो. हळद-मीठ लावायचे असेल तर न धुता लावावे आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

चौघांसाठी दीड पौंड, म्हणजे सुमारे ६८० ग्रॅम थाय घ्यावे. एक मध्यम कांदा बारीक चिरून, पाच-सहा लसूणपाकळ्या ठेचून, दोन्ही लोण्यावर पाच मिनिटे परतून घ्यावेत. कच्चा कांदा स्लो कुकरमध्ये तासन्‌तास राहूनही कधी कधी करकरीत आणि उग्र लागतो, म्हणून हा एक टप्पा चुकवू नये. परतलेला कांदा-लसूण भांड्याच्या तळाशी, त्यावर चिकन, वर एक चमचा इटालियन सीझनिंग (वाळवलेल्या सुगंधी पानांचे मिश्रण), भरड कुटलेली मिरी आणि दीड कप कमी मिठाचा चिकन ब्रॉथ (चिकन उकळून काढलेला तयार रस्सा) एवढेच घालावे. साधा ब्रॉथ खारट असतो आणि पुढे चीजचेही मीठ उतरते, म्हणून या वेळी मीठ घालूच नये. तिखटाची ओढ असेल तर दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून घालाव्यात. गरम मसाला मात्र येथे नको, त्याने दुधाची सौम्य चव झाकोळून जाते. 'लो'वर, म्हणजे मंद आचेवर, पाच ते सहा तास ठेवावे. जाड तुकड्याच्या मध्यभागी थर्मामीटर टोचून १६५ अंश फॅरनहाइट तापमान आले आहे याची खात्री करावी. हा थर्मामीटर स्वस्त मिळतो आणि घरात असायलाच हवा.

दूध-मलईचे पदार्थ सुरुवातीपासून घातले तर ते फाटतात, आणि पास्ता सुरुवातीपासून घातला तर त्याचा लगदा होतो. म्हणून दोन्ही शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवावेत. चिकन काट्याने मोकळे करून आठ औंसांच्या (सुमारे २२५ ग्रॅम) क्रीम चीजच्या वडीचे लहान तुकडे भांड्यात सोडावेत, कुकर 'हाय'वर करावा आणि झाकण लावावे. दहा मिनिटांनी पाहाल तर रश्श्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगताना दिसतील. सॉस बिघडला असे समजून घाबरू नये. लाकडी डावाने कडेकडेने सावकाश ढवळत राहिले की त्या गुठळ्या विरतात आणि डावाच्या पाठीवर दाट, गुळगुळीत थर बसू लागतो. मग अर्धा कप हेवी क्रीम (दाट मलई) आणि मूठभर किसलेले पार्मेझान हे कडक चीज घालावे. घरी मांसाहार न करणारे पाहुणे येणार असतील आणि त्यांच्यासाठी चिकनऐवजी मशरूम व भाज्यांचा ब्रॉथ घालणार असाल, तरी पार्मेझानचे वेष्टन वाचावे: अस्सल इटालियन पार्मेझान वासराच्या पोटातील रेनेट या विकराने विरजलेले असते.

पास्ता कुकरमध्येच शिजवता येतो, पण मी तो वेगळा उकळण्याच्याच बाजूचा आहे, कारण पाण्याचा अंदाज चुकत नाही. बारा औंस (सुमारे ३४० ग्रॅम) पेने (नळीसारखा पास्ता) खळखळत्या खारट पाण्यात, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटे कमी उकळावे, निथळताना कपभर पाणी बाजूला ठेवावे आणि पास्ता सॉसमध्ये मिसळून पाच मिनिटे झाकावा. सॉस घट्ट वाटला तर ते राखून ठेवलेले पिठूळ पाणी थोडे थोडे घालावे. आता चव घेऊन मीठ घालावे.

उरलेला पास्ता चिनीमातीच्या जड भांड्यात तसाच फ्रिजमध्ये ठेवू नये, तो आत लवकर थंड होत नाही. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. दुसऱ्या दिवशी पास्ता सॉस शोषून कोरडा दिसतो, म्हणून ऑफिसच्या डब्यात भरतानाच दोन चमचे दूध वरून घालावे आणि मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या ताकदीवर, मध्ये एकदा ढवळून, वाफ येईपर्यंत गरम करावा.