त्रयीचा शेवट बदलायचाय? निर्णय एकच बदला

'स्टार वॉर्स'च्या मूळ त्रयीतला शेवटचा चित्रपट 'रिटर्न ऑफ द जेडाय' १९८३ साली आला आणि तेव्हापासून त्याच्या शेवटाला लोकांनी हात घातलेला आहे. खुद्द त्याचे कर्ते जॉर्ज लुकसही त्यात आलेच. १९९७च्या आवृत्तीत त्यांनी शेवटचं गाणं काढून नवं संगीत आणि इतर ग्रहांवरचा जल्लोष घातला, २००४च्या डीव्हीडीत अनाकिनच्या (म्हणजे खलनायक व्हेडरच्या मूळ रूपाच्या) छायेचा चेहरा बदलला, २०११च्या ब्लू-रेत व्हेडरच्या तोंडी एक लांबलचक 'नाही' दिलं. तेव्हा संकोच नको. पुढची कृती आहे ती इंदूरच्या एखाद्या दिवाणखान्यात किंवा गच्चीवर, पाच-सहा वाचक आणि आवाज सांभाळणारा एक जण यांनी करायच्या पंचवीस मिनिटांच्या अभिवाचनाची.

आधी गटातल्या सगळ्यांनी मिळून एकच आवृत्ती पाहायची. एकाने जुनी पाहिली आणि दुसऱ्याने २०११ची, तर पहिल्याच बैठकीत 'व्हेडर ओरडतो की नाही' यावर तास जातो. शेवटचा सुमारे पाऊण तास वही घेऊन पुन्हा पाहा. पाठकोऱ्या कागदांचे चार-चार तुकडे करा आणि एका तुकड्यावर एकच घटना लिहा. तुकड्यांच्या तीन रांगा लावा: एंडॉर या उपग्रहावरचं जंगल, अंतराळातली लढाई, व्हेडरच्या धन्याचं म्हणजे सम्राटाचं दालन.

रांगा समोर आल्या की एक गोष्ट दिसते, जी नुसतं पाहताना निसटते. डेथ स्टार या सम्राटाच्या महाकाय अंतराळ-तळाचा स्फोट त्याच्या दालनातल्या कशावरही अवलंबून नाही. बंडखोर हानची टोळी तळाची संरक्षक ढाल चालवणारं जंगलातलं केंद्र उडवते, ढाल पडते, लँडो आणि वेज हे वैमानिक आत शिरून अणुभट्टीवर मारा करतात. नायक ल्यूक दालनात गेलाच नसता तरी हे झालं असतं. म्हणजे दालनातलं भांडण युद्ध जिंकण्याचं नाहीच, ते व्हेडर या बापाचं आणि ल्यूक या मुलाचं आहे. नवे शेवट बहुतेक इथेच फसतात: दालनात काहीतरी बदलतात आणि त्यामुळे लढाई हरल्याचं दाखवतात. धागा कुठे जोडलेला आहे ते न बघता कापलेला असतो.

आता एकच निर्णय निवडा आणि तोच बदला. उदाहरणार्थ, एवोक या जंगलातल्या केसाळ जमातीच्या वस्तीत ल्यूक लेयाला आपलं बहीण-भावाचं नातं सांगतो आणि एकटा निघतो, तिथे लेया म्हणते, "मीही येते." बस. नवा ग्रह नको, नवं शस्त्र नको, तिसरं भावंड तर मुळीच नको. मग प्रत्येक तुकडा उचलून विचारायचं, हे आता घडेल का? ल्यूकचं मन वाचून व्हेडरला बहिणीचा सुगावा लागतो, तिलाच वळवण्याची धमकी तो देतो, आणि त्या धमकीनेच ल्यूकचा तोल जातो. लेया समोरच उभी असेल तर हा तुकडा फाडावा लागतो. ल्यूक भडकण्याचं दुसरं कारण शोधलं नाही, तर व्हेडरचा हात तुटत नाही. हात तुटला नाही, तर ल्यूक स्वतःच्या कृत्रिम हाताकडे बघत नाही आणि तलवारही फेकत नाही. शिवाय लेयाने क्षमा का करावी? पहिल्या भागात (१९७७) याच माणसाने तिची चौकशी केली, आणि तिचा ग्रह आल्डेरान तिच्या डोळ्यांदेखत जळताना तिला धरून उभा होता तोही हाच. ल्यूकला 'यांच्यात अजून चांगुलपणा आहे' असं वाटतं, तिला वाटण्याचं कारण नाही. या अडचणीतच तुमचा शेवट आहे, तिला बगल देऊ नका.

शेवटाचा खर्च आधीच्या दोन भागांतल्या शिलकीतून करायचा. १९८०च्या भागात गुहेतल्या मुखवट्याआड ल्यूकला स्वतःचाच चेहरा दिसतो, तेव्हा ल्यूकने मुखवटा चढवण्याचा काळा शेवटही शिलकीत बसतो. लेखन-बैठकीत लुकस यांनी तो बोलूनही दाखवला होता. हानचा मृत्यू ती भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्ड यांनाच हवा होता, पण तो घेतलात तर त्याचं ओझं पुढे कोण वाहतं हे लिहावं लागेल. नुसतं माणूस मारल्याने शेवट गंभीर होत नाही, लांबतो.

मराठीत खरी मेख आहे ती तू-तुम्हीची. इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. ल्यूक या बापाच्या घरात कधी राहिलेला नाही, म्हणून सुरुवातीपासून 'तुम्ही'. मुखवटा उतरल्यावर एकदाच 'बाबा, तुला...' आणि वाक्य तिथेच तुटू द्या. संहितेत प्रत्येक 'तुम्ही' लाल पेनाने अधोरेखित करा, कारण वाचताना मध्येच एकदा 'तू' निसटला की शेवटचा वाया जातो. व्हेडरने सम्राटाला काय म्हणावं? 'स्वामी'ने मठ आठवतो, 'महाराज' म्हटलं की इंदुरात लग्नातला आचारी डोळ्यांसमोर येतो. 'सरकार' बरं, होळकरांच्या गावात ते कानाला ओळखीचंही आहे. सम्राट छापील, ताठ मराठी बोलू दे. हानला मात्र खुशाल इंदुरी मराठी द्या: "भिया, माझ्या गाडीला खरोंच नाही यायला पायजे, सांगून ठेवतो." 'फोर्स' या कथेतल्या अदृश्य बळाचं 'शक्ती' करू नका, लगेच नवरात्र आठवतं.

मोठ्याने वाचायला मिनिटाला ११० शब्द धरा. पंचवीस मिनिटांतली तीन-चार विराम आणि आवाजांसाठी सोडा, म्हणजे संहिता २३०० शब्दांची. प्रसंग आठ-नऊच ठेवा. पडद्यावर तीन ठिकाणांमध्ये झपाझप उडी मारता येते, कानाला ते झेपत नाही. प्रत्येक ठिकाणाला आपला एक आवाज हवा.

ते आवाज घरीच होतात. चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी व्हेडरचा श्वास पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून घेतला होता. आपण हातभर प्लॅस्टिकच्या नळीला नरसाळं लावायचं, नळीतून सावकाश श्वास घ्यायचा आणि फोन नरसाळ्याच्या बाजूला धरायचा. समोर धरला तर हवेचा फटका बसून नुसतं फडफडतं. प्रकाशाच्या तलवारीचा गुंजारव त्यांना प्रोजेक्टरच्या मोटारीत आणि टीव्हीच्या घरघरीत सापडला. तो स्पीकरवर वाजवून त्यासमोर माइक हलवला की तलवार फिरल्यासारखी वाटते. आपल्याला टेबलफॅनची घरघर चालते: ती एका फोनवर वाजवा, दुसरा फोन त्याच्यापुढून फिरवत रेकॉर्ड करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजमध्ये मात्र नको, सलग घरघर त्याला गोंगाट वाटते आणि तो ती पुसून टाकतो. बंदुकीसाठी गच्चीवरची कपडे वाळत घालायची लोखंडी तार एका टोकाला नाण्याने ठोका, फोन दुसऱ्या टोकाला टेकवा. तारेतून उंच स्वर आधी पोचतात, जाड मागून, म्हणून 'प्यूं' असा घसरता आवाज येतो. तार लांब आणि ताणलेली हवी. नायलॉनची दोरी असेल तर हा नाद सोडा.

चित्रपटाचं संगीत किंवा तुकडे वाजवू नका, तिकीट लावू नका. दोन तालमी बसून, तिसरी उभ्याने, आवाजांसकट. लग्नसराईत गच्ची टाळा, वरातीपुढे सम्राटाचं काही चालत नाही. साडेसातला सुरू करा. शेवट पटला नाही म्हणणारे भेटणारच, त्यांच्यासाठी अर्धा तास राखा, म्हणजे नऊच्या आत वाद आटपून मंडळी सराफ्याच्या खाऊगल्लीकडे मोकळी होतील.