जुलाबात ओआरएस देताना या चुका टाळा

गेल्या श्रावणात पुण्याहून बहीण आली होती इंदूरला, चार वर्षांच्या लेकाला घेऊन. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. घरात ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरीची पुडी होती. मी अर्धी पुडी एका पेल्यात टाकली, ढवळली आणि "घे राजा, पटकन पी" म्हणून पाजली. दोन मिनिटांत सगळं बाहेर. मी बहिणीला सांगून मोकळी, "याला ओआरएस सोसत नाही गं." दुपारी डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "ताई, पुडी किती पाण्यात कालवली?"

तेव्हापासून नात्यातल्या, शेजारच्या प्रत्येक आईला मी हे सांगत असते, कारण ही चूक घरोघरी होते.

मोठ्या पुडीत साधारण 20.5 ग्रॅम पावडर असते. त्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, बाकीचे पोटॅशियमचे आणि सायट्रेटचे क्षार. ही सगळी मापं एक लिटर पाण्यासाठी आहेत. आतड्यात साखर आणि मीठ योग्य प्रमाणात आले की ते जोडीने आत शोषले जातात आणि पाण्याला आपल्यासोबत ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही आतड्याचं हे काम थांबत नाही, म्हणून तर ओआरएस लागू पडतं. पण द्रावण घट्ट झालं की उलटंच होतं. अंगातलं पाणी आतड्यात उतरतं, जुलाब वाढतात, रक्तातलं मीठही वाढू शकतं. फार पातळ केलं तर क्षार पुरत नाहीत. दुकानात 200 मिलीसाठीची छोटी पुडीही मिळते आणि घोटाळा इथेच होतो, म्हणून पुडीमागचं माप दर वेळी वाचा. एक लिटरच्या बाटलीने पाणी मोजून एका पातेल्यात ओता आणि ते कुठवर येतं तिथे कायमची खूण करून ठेवा. रात्री दोन वाजता रडतं पोर कडेवर असताना अंदाज चुकतोच. कालवलेलं द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यायचं. त्यात वरून साखर, दूध, ज्यूस काही घालायचं नाही.

दुसरी चूक पेला तोंडाला लावण्याची. उलटी होणाऱ्या मुलाला चमच्यानेच पाजा, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. हिशेब करून बघा, 5 मिलीचा चमचा मिनिटाला एक दिला तर तासाभरात 300 मिली पोटात जातं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा अजून सावकाश सुरू करा. त्या दुपारी बहीण पलंगावर घड्याळ समोर ठेवून बसली होती, मी वाटी धरली होती. पहिले पाच-सहा चमचे त्याने तोंड वाकडं करून घेतले, मग स्वतःच तोंड उघडायला लागला. संध्याकाळी त्याला लघवी झाली तेव्हा आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. उलट्या थांबल्या की दर जुलाबामागे दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिली आणि त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200 मिली द्यायचं.

आपल्याकडे मोठ्यांचाही हट्ट असतो, "डॉक्टर, एक बॉटल चढवून द्या." शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तिची गरज नसते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांकडूनच रुग्णांना पाजवलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. आपल्या हातातली पुडी त्याच पाण्याची मोजून बनवलेली आवृत्ती आहे.

मेडिकलवर मिळणाऱ्या गोड टेट्रापॅकला ओआरएस समजू नका. त्यांत साखर फार आणि क्षार कमी असतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. कोल्ड्रिंक तर नकोच. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा चालतो. मीठ त्याहून जास्त नको.

"पोटाला विश्रांती द्या" म्हणून मुलाला उपाशी ठेवतात, तेही चूक. अंगावरचं दूध चालू ठेवा. मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, ताक, केळं, जे खाईल ते थोडं थोडं द्या. जुलाबासाठी दिलेली झिंकची गोळी ते थांबले की बंद करतात, ती मात्र 14 दिवस पूर्ण द्यायची. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम. आणि मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी मुलाला अर्धी करूनसुद्धा देऊ नका. घरात उरलेलं अँटिबायोटिकही नको.

डोळे खोल गेले, मूल गळून पडलं किंवा जागंच होत नाही, पिता येत नाही, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त आहे, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली जाते, यातलं एक जरी दिसलं तरी तडक दवाखाना गाठा. वाटेतही चमचा चालू ठेवा, मूल जागं असून गिळत असेल तर.

आता पाण्याचं. आमच्या इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे साठवणं आलंच. पाणी नळातून कसं आलं याइतकंच ते घरात कसं राहिलं याला महत्त्व आहे. माठात पेला बुडवून पाणी घेतलं की बोटं बुडतात. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. पावसाळ्यात लहान मुलांचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळा आणि झाकून थंड करा. बाळाला रोटाव्हायरस या जुलाब करणाऱ्या विषाणूवरची लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते, ती चुकवू नका.

माझ्या स्वयंपाकघरात आता दोन मोठ्या पुड्या आणि खूण केलेलं पातेलं एकाच फळीवर असतं. पुडीवरची तारीख मी दर नागपंचमीला बघते.