पायथनचं पुस्तक, पेन्सिल आणि मेसचा खाडा

कॉमर्स किंवा आर्ट्सच्या कुणी प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हटलं की पुण्यात पहिला सल्ला मिळतो तो क्लास लावण्याचा. मी बी. कॉम. करून भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघत होते आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा एका पुस्तकावरून शिकले. पुस्तक 'करून बघा' पद्धतीचं होतं. प्रत्येक प्रकरणात एक छोटा प्रोग्रॅम, तो टाइप करून चालवायचा आणि शेवटी सराव. आता माझं रोजचं काम याच भाषेत चालतं. अशी पुस्तकं आणतात पुष्कळ जण, पण लूपच्या, म्हणजे तीच कामं पुन्हा पुन्हा करून घेण्याच्या, प्रकरणापाशी बहुतेकांचं वाचन थांबतं. त्याचं कारण मला एकच दिसतं: प्रोग्रॅम टाइप केला, चालला, पान उलटलं. मधे डोक्याला काम पडलंच नाही.

पुस्तक घेताना ते पायथनच्या कुठल्या आवृत्तीचं आहे ते बघाच. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण पायथनच्या बाबतीत जपून. गिडो व्हॅन रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये लोकांपुढे आणली, तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून कायमची थांबली. दुकानात उभ्या उभ्या तपासायची खूण सोपी आहे. पहिल्याच प्रकरणात पडद्यावर छापणाऱ्या 'प्रिंट'नंतर कंस नसेल तर पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं आहे, परत ठेवा. त्यातला प्रोग्रॅम आजच्या पायथनवर पहिल्याच ओळीला अडेल.

आता मुख्य गोष्ट. प्रोग्रॅम चालवण्याआधी तो काय छापेल ते कागदावर पेन्सिलीने लिहा. इंजिनिअरिंगची मुलं याला ड्राय रन म्हणतात. व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत साठवायला दिलेल्या, नावांचे रकाने पाडायचे, एकेक ओळ वाचत किंमत बदलली की जुनी खोडायची, नवी लिहायची. मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसायचे. आजूबाजूला एमपीएससीची मुलं, तिथे कीबोर्डची टकटक कुणालाच चालत नाही. त्यामुळे तिथे पुस्तक, वही आणि ड्राय रन, आणि टायपिंग रात्री खोलीवर, अशी विभागणी आपोआप झाली. मला आजही वाटतं की याहून चांगली पद्धत मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

याचा फायदा एका उदाहरणात दिसतो. 'इनपुट' या आज्ञेने जेवणाचा दर विचारला, तुम्ही ४० टाइप केलं आणि प्रोग्रॅमने त्याला ३ने गुणलं. कागदावर तुम्ही १२० लिहिणार. पडद्यावर येतं ४०४०४०. इनपुटमधून येतो तो मजकूर, संख्या नव्हे, आणि मजकुराला ३ने गुणलं की पायथन तो तीनदा लिहून देतं. इथे कुठलीही एरर येत नाही. कागदावर १२० लिहिलेलं नसेल तर पडद्यावरचा आकडा बघून माणूस पुढे निघून जातो. लिहिलेलं असेल तर तिथेच थबकतो, आणि 'इंट'मध्ये घालून मजकुराची संख्या का करायची ते कायमचं कळतं.

हिशेबाच्या लोकांसाठी आणखी दोन जागा. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून बघा. बरोबर ०.३ येत नाही, लांबलचक शून्यांच्या शेवटी ४ लागलेला दिसतो, कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो आणि तिथे ते नेमके बसत नाहीत. दुसरं, अपूर्णांकाची पूर्ण संख्या करणाऱ्या 'राउंड'ला २.५ दिलं तर २ मिळतात आणि ३.५ दिलं तर ४. बरोबर मध्यावरची संख्या तो जवळच्या सम संख्येकडे नेतो. म्हणून पैशाचा हिशेब लिहिताना रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्ण संख्येत ठेवायची सवय सुरुवातीपासून लावा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एरर आली की घाबरायला होतं, कारण इंग्रजीच्या आठ-दहा ओळी एकदम अंगावर येतात. त्या खालून वाचा. सगळ्यात शेवटच्या ओळीत एररचा प्रकार असतो, तिच्या थोडं वर ओळीचा क्रमांक. नेम एरर म्हणजे हे नाव मला माहीत नाही, बहुधा स्पेलिंग चुकलंय. टाइप एरर म्हणजे बहुधा मजकूर आणि संख्या यांची बेरीज करायला गेलो. इंडेंटेशन एरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची जागा कमी-जास्त झाली. वहीच्या मागच्या पानावर असे अर्थ मराठीत लिहून ठेवा, रोज उपयोगी पडतात. छापील पुस्तकात लांब ओळ पानात मावली नाही की तुटून खाली येते, ती मात्र एकच ओळ म्हणून टाइप करायची. आणि पीडीएफमधून कॉपी-पेस्ट नको. एक तर त्यातली वाकडी अवतरणचिन्हं पायथनला चालत नाहीत, आणि हाताने टाइप केल्याशिवाय कंस, स्वल्पविराम, अपूर्णविराम (:) यांच्या जागा बोटांना कळत नाहीत.

मजकुराच्या प्रकरणात पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांसोबत मराठी शब्दही घालून बघा. तिसऱ्या आवृत्तीला देवनागरी नीट समजते. व्हेरिएबलचं नाव 'दर' ठेवलं तरी चालतं, आणि 'इंट'ला '१२' देवनागरीत दिलं तरी तो बारा म्हणूनच घेतो. पण 'पुणे' या शब्दाची लांबी विचारा. आपण दोन म्हणू, पायथन ४ सांगतं, कारण प, उकार, ण आणि मात्रा हे त्याच्यासाठी चार वेगळे घटक. तोच शब्द उलटा करायला सांगितला तर मात्रा अक्षर सोडून पुढे येऊन बसते. मराठी याद्या, पावत्या, नावं यांच्यावर काम करायचं असेल त्याला हे पहिल्या महिन्यात माहीत असायलाच हवं, आणि इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ते सहसा नसतं.

लिस्ट (यादी), इफ (अट तपासणं) आणि लूप झाले की पुस्तक बाजूला ठेवून स्वतःचं काहीतरी लिहा. मी मेसचा हिशेब घेतला. पुण्यात बाहेरून आलेल्या प्रत्येकाला खाडा, म्हणजे मेसमध्ये न जेवलेला दिवस, माहीत असतो. समजा महिन्याचे ३००० रुपये, म्हणजे ३० दिवसांना रोजचे १००. सरळ वजाबाकी असेल तर दोन ओळींत काम होतं. पण बऱ्याच मेसमध्ये नियम असा, की सलग तीन दिवस किंवा जास्त खाडा असेल तरच पैसे वजा. मग हजेरीची लिस्ट लागते, जेवलो तर १, नाही तर ०. लूप एकेक दिवस बघतो, ० असेल तर सलग खाड्यांचा आकडा वाढवतो, १ आला की तो आकडा तीन किंवा जास्त आहे का तपासतो, असेल तर एकूण वजावटीत मिळवतो, आणि असो वा नसो, तो आकडा पुन्हा शून्यावर आणतो. एकदा २ दिवस आणि एकदा ४ दिवस खाडा असेल तर ४०० वजा होऊन २६०० यायला हवेत, आणि येतात.

आता २८, २९, ३० तारखेला गावी गेलात असं धरून ड्राय रन करा. तीनही दिवस मोजले जातात, पण त्यांच्यानंतर १ येतच नाही, म्हणून तपासणीची ओळ चालतच नाही आणि ३०० रुपये वजा होत नाहीत. उपाय म्हणजे लूप संपल्यावर तीच तपासणी आणखी एकदा. आणि ही तपासणी दोन जागी लिहावी लागते म्हटल्यावर फंक्शन, म्हणजे एकदा लिहून हवा तिथे वापरायचा प्रोग्रॅमचा तुकडा, कशासाठी असतं ते आपोआप पटतं. पुस्तकातलं फंक्शनचं प्रकरण त्यानंतर वाचा, अगदी वेगळं वाटतं. ३० तारीख आणि पुढच्या महिन्याची १ आणि २ मिळून सलग तीन झाले तर काय, हे मात्र मेसच्या काकूंनाच विचारावं लागतं. नोकरीतही असंच असतं, अर्धे प्रश्न साहेबांना विचारायचे असतात.

मोबाइलवरच्या एआयला एररचा अर्थ जरूर विचारा, पण आधी स्वतःचा अंदाज लिहून. सराव त्याच्याकडून सोडवून घेऊ नका. मग वहीतले रकाने कोरे राहतात.

पुस्तकातलं 'क्लास आणि ऑब्जेक्ट'चं प्रकरण (हा क्लास शिकवणीचा नव्हे) पहिल्या वाचनात वरवर पाहिलं तरी चालेल. गेम बनवण्याचं प्रकरण आवडत असेल तर करा, नाही तर सोडा. फाइल वाचणं-लिहिणं मात्र सोडू नका. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल, उघडता आली की एक्सेलमधली कुठलीही यादी त्या स्वरूपात सेव्ह करून पायथनमध्ये घेता येते. मेसची हजेरी अशा फाइलमध्ये ठेवा, म्हणजे महिना बदलला तरी प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. अकाउंट्सवाल्यांनी त्यानंतर ऑफिसातली विक्रीची यादी आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवायला घ्यावं. त्याला लागतं ते सगळं, म्हणजे लिस्ट, डिक्शनरी (नावावरून किंमत शोधून देणारी यादी), लूप आणि फाइल, पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्यात येऊन गेलेलं असतं.