जेलमधून सुटून आलेल्याला मदत करायचीय? मग त्याच्यासोबत रांगेत उभं राहा

सुटून आलेल्या माणसाला मदत करायची म्हटलं की आपण लगेच त्याच्यासाठी नोकरी शोधायला लागतो, नाहीतर त्याला समजवायला बसतो. मीपण सुरुवातीला हेच करायचो. एकदा एका ओळखीच्याकडे शब्द टाकला, काम ठरलं, सोमवारी पाठवा म्हणाले, आणि सोमवारी पठ्ठ्या गेलाच नाही. मला जाम राग आला, एवढं करून दिलं आणि ह्याला काही किंमतच नाही. पुढे पंधरा दिवसांनी कळलं की तिथे आयडी घेऊन यायला सांगितलेलं, ह्याच्याकडे आयडी नव्हतं आणि मला सांगायची लाज वाटली. तेव्हापासून मी सल्ले कमी केले आणि सोबत जाणं वाढवलं. खाली जे लिहितोय ते सगळं त्यातूनच आलंय, घरातला कोणी सुटून आला असेल, मित्र असेल किंवा तुम्ही एखाद्या संस्थेबरोबर काम करत असाल, कुणालाही उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी कागद बघा. कागदांचं एक चक्र असतं आणि त्यात माणूस गरगर फिरतो: आयडीला पत्त्याचा पुरावा लागतो, पत्त्यासाठी भाड्याची खोली लागते, भाड्यासाठी पगार, पगारासाठी बँक अकाउंट आणि अकाउंटला परत आयडी. हे कुठेतरी तोडावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते जन्माच्या दाखल्यापासून तुटतं कारण त्याला सध्याचा पत्ता फारसा लागत नाही. पत्त्यासाठी निवारा केंद्राचं किंवा संस्थेचं लेटरहेडवरचं पत्र चालतं का ते आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी चालतं पण खिडकीवरचा माणूस आपणहून सांगत नाही. सुटकेचा कागद फार जपायचा, तीन झेरॉक्स आणि मोबाईलमधे फोटो. आणि ओरिजिनल कागद तुम्ही स्वतःकडे ठेवू नका, कितीही विश्वासाने दिले तरी. इतकी वर्षं त्याची प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात होती, आता निदान स्वतःची फाईल त्याच्या हातात असू दे.

मग मोबाईल नंबर. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त संधी इथेच गेल्यात. दहा ठिकाणी अर्ज केला, अकराव्या दिवशी फोन आला तेव्हा सिम बंद. शिवाय आता सगळीकडे ओटीपी, नंबर बदलला की बँक, ईमेल, सरकारी पोर्टल सगळंच लॉक. तुम्हाला एकाच गोष्टीवर पैसे खर्च करता येत असतील तर त्याचा नंबर चालू ठेवण्यावर करा. ईमेल काढून द्या आणि पासवर्ड कागदावर लिहून द्या, हो मला माहितीये पासवर्ड लिहून ठेवू नये म्हणतात, पण ज्याने सहा वर्षं स्मार्टफोन हातात धरला नाही त्याला तो नियम सांगून उपयोग नाही.

आता एक गंभीर गोष्ट, व्यसनाचा इतिहास असेल तर हा पॅरा दोनदा वाचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ मधे प्रसिद्ध झाला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यात मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२.७ पट निघाला, आणि सगळ्यात मोठं कारण ड्रगचा ओव्हरडोस. कारण साधं आहे, आत असताना सवय मोडते, शरीराची सहन करायची ताकद उतरते, आणि बाहेर येऊन माणूस जुनाच डोस घेतो. त्यामुळे "आता घेऊ नको" एवढंच सांगून थांबू नका, "पूर्वीएवढं घेतलंस तर जीव जाईल" हे स्पष्ट शब्दात सांगा, आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट सुटायच्या आधीच ठरवता आली तर उत्तम. बीपी, शुगर, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आतून किती दिवसांच्या मिळाल्यात ते मोजा, संपायच्या आधी पुढची सोय करा.

तारखा चुकतात. कोर्टाची तारीख, हजेरी, सरकारी ऑफिसची वेळ. आणि चुकली की लोक म्हणतात बेफिकीर आहे. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१३ मधे आला, त्यात तेच शेतकरी तोडणीआधी हात तंग असताना विचार करायच्या टेस्टमधे मागे पडले आणि पैसे हातात आल्यावर त्यांचे मार्क सुधारले. माणसं तीच, फक्त डोक्यावरचा पैशाचा ताण कमी झाला. आणि न्यूयॉर्कमधे कोर्टाच्या तारखेची आठवण मेसेजने पाठवली तर गैरहजेरी सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाली, हे २०२० मधे छापून आलंय. तेव्हा लेक्चर देण्यापेक्षा मेसेज करा, आठवडाभर आधी एक, आदल्या दिवशी एक, आणि त्यात कुठे, किती वाजता, कसं जायचं आणि कोणता कागद न्यायचा हे लिहा. जेलमधून आलेले नसले पण हातातोंडाची गाठ पडत नाही असे जे लोक आहेत त्यांनाही हे जसंच्या तसं लागू पडतं.

नोकरीकडे आता येऊ. रेकॉर्डमुळे काय होतं ह्यावर डेव्हा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात प्रयोग केला होता, २००३ मधे छापला. सारख्याच पात्रतेची पोरं अर्ज घेऊन पाठवली, फक्त काहींनी जेलचं रेकॉर्ड असल्याचं सांगितलं. गोऱ्या पोरांना परत फोन यायचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून १७ वर आलं, काळ्या पोरांचं १४ वरून ५ वर. म्हणजे रेकॉर्ड नसलेल्या काळ्या पोराला रेकॉर्ड असलेल्या गोऱ्यापेक्षाही कमी फोन. हे सांगतोय कारण नकार येत राहिले की माणूस स्वतःलाच दोष द्यायला लागतो, आणि त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे की पन्नास अर्ज हा जास्त आकडा नाहीये.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डची कॉपी कायदेशीर मार्गाने मागवा आणि ओळ न ओळ वाचा, त्यात चुका असतात, सुटलेली केस अजून चालू दाखवलेली असते, दुसऱ्याचं नाव घुसलेलं असतं. दुसरं, तुमच्याकडचा कायदा काय सांगायला लावतो ते वकिलाला किंवा मोफत कायदा मदतीच्या ऑफिसला विचारा. ब्रिटनमधे १९७४ पासून कायदा आहे की ठरावीक काळ नीट गेला की बऱ्याचशा शिक्षा संपल्या असं धरतात आणि बहुतेक नोकऱ्यांत त्या सांगाव्या लागत नाहीत, मुलांबरोबरची वगैरे कामं सोडून. प्रत्येक देशात नियम वेगळा, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आणि विचारलंच तर खोटं बोलायचं नाही, पण अर्धा तास कहाणीसुद्धा सांगायची नाही. मी तीन वाक्यांची प्रॅक्टिस करून घेतो: काय झालं ते एका वाक्यात, त्यानंतर काय केलं ते एका वाक्यात, आणि हे काम मी कसं करेन ते तिसऱ्यात. मोठ्याने, समोर बसून, वीस वेळा. पहिल्या पाच वेळा बहुतेक जण मान खाली घालून बोलतात. घाई करू नका, हळूहळू मान वर येते. तुम्ही शिफारसपत्र लिहिणार असाल तर "सुधारला आहे" असलं काही लिहू नका, मालकाला त्याचा काय उपयोग. "चार महिने दर शनिवारी वेळेवर आला, हिशोब बरोबर ठेवला" असं लिहा, जे डोळ्याने बघितलंय तेवढंच.

मालकांशी बोलताना दया मागू नका. न्यूयॉर्क राज्यात ग्रेस्टन नावाची बेकरी १९८२ मधे सुरू झाली, तिथे इंटरव्ह्यू नाही, बॅकग्राउंड चेक नाही, यादीत नाव लिहायचं आणि जागा झाली की पुढच्याला काम, आणि त्यावर धंदा चालतो. ब्रिटनमधली टिम्पसन ही चपला-बूट दुरुस्त करणारी आणि किल्ल्या बनवणारी साखळी, तिथेही साधारण दहातला एक जण जेलमधून आलेला असतो. असली उदाहरणं खिशात ठेवा, घासाघीस करताना कामाला येतात.

नोकरी लागली की सगळे पार्टी मागतात आणि मदत करणारा निघून जातो. खरी अडचण इथून पुढे असते. कामाला लागल्यापासून पहिला पगार हातात येईपर्यंत महिना जातो आणि त्या महिन्यात जायला यायला पैसे, कामाचे बूट, डबा, सगळं लागतं, शिवाय घरच्यांना वाटतं आता हा कमावता झाला. ह्या महिन्याचं गणित कागदावर मांडा. मोठी रक्कम उसनी देऊ नका, त्याने मैत्री जाते, त्यापेक्षा महिन्याचा पास काढून द्या. बाई असेल तर आधी विचारा मुलं कोण बघणार, कारण कामाची वेळ त्यावरच ठरते. आणि घरात काही सरकारी मदत चालू असेल तर पगार वाढला की ती बंद होते का ते सही करायच्या आधी बघा, कधीकधी हजार वाढतात आणि दोन हजारांची मदत जाते.

बाकी छोट्या गोष्टी. काय गुन्हा केला ते तुम्ही विचारू नका, सांगायचं तेव्हा सांगेल, फक्त कामाच्या ठिकाणी कुणाच्या सुरक्षेचा प्रश्न येत असेल तर तेवढं माहिती असायलाच हवं. आणि दाराशी थांबला तर हसू नका. मी एकाबरोबर बँकेत गेलो होतो, तो काचेच्या दारासमोर नुसता उभा, मला कळेना काय झालं, मग लक्षात आलं की बारा वर्षांत त्याने स्वतःच्या हाताने दार उघडलंच नव्हतं, कोणीतरी उघडेल म्हणून वाट बघत होता. मी पण काही न बोलता शेजारी उभा राहिलो, अर्ध्या मिनिटाने त्याने हँडल धरलं.

पहिली नोकरी बहुतेकदा टिकत नाही, ते आधीच सांगून ठेवा म्हणजे सुटली तर तोंड लपवणार नाही. तीन महिन्यांनी स्वतःहून फोन करा. काम कसं चाललंय ते नंतर विचारा, आधी बघा नंबर तोच लागतोय ना.