वरकसात नाचणीसोबत तूर आणि उडीद: आमच्या उतारावरची रीत

आमची जमीन जुलैत पाण्यात बुडते आणि ऑक्टोबरात पाण्यावाचून तडफडते. वरकस म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. खाली खाचरं, तिथे भात. वर जांभ्याचा उतार, तोच वरकस: हात-दीड हात माती, तिच्याखाली कातळ. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण या उतारावर तो थांबत नाही. हस्ताचा, म्हणजे सप्टेंबरअखेरचा, पाऊस सरला की पंधरा दिवसांत माती विटेसारखी होते. विहीर नाही, पंप नाही. म्हणून एवढ्या पावसाचा मुलूख असूनही वरकसातली शेती मी कोरडवाहूच समजते, आणि कोरडवाहूच्या शिस्तीनेच करते.

मी लांजा तालुक्यातली, मुचकुंदीच्या खोऱ्यातली. बारा गुंठ्यांच्या तुकड्यात नाचणी, तूर आणि उडीद एकत्र घेते. त्याची रीत सगळी लिहिते, कारण विचारणाऱ्या बायका वाढल्यात आणि फोनवर प्रत्येकीला नीट सांगणं होत नाही.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्यांच्या काळी वरकसात पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग हरीक, मग तीळ, आणि नंतर जमीन काही वर्षं पडीक. पडीक ठेवली की पातेरा, म्हणजे गळलेला पाला, कुजून तिच्यात परत जीव यायचा. आता वाटण्या होऊन तुकडे एवढे राहिलेत की पडीक ठेवायला जागाच नाही. मग जमिनीला खायला कोण घालणार? कडधान्य. पण ते नाचणीबरोबर, त्याच पावसात, त्याच शेतात जगलं पाहिजे. सगळी मेख तिथे आहे.

पहिल्या वर्षी, २०१९ला, मी चुकले. घाटावरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने सांगितलं, दोन ओळी नाचणी, एक ओळ तूर. त्यांच्याकडे ते छान चालतं. मी सपाटीवर तसंच लावलं. जुलैत आठ दिवस झड लागली आणि तूर आधी पिवळी पडली, मग खालची पानं गळाली, मग उपटायला गेले तर मूळ काळं, बोटांत सोललं गेलं. नाचणी मात्र उभी. तेव्हा कळलं की आपल्याकडे पाणी कमी पडेल ही काळजी नंतरची. आधी तुरीच्या पायातलं पाणी काढायचं. नाचणीला पाय ओले चालतात, तुरीला चालत नाहीत. म्हणून नाचणी खाली सपाटीवर आणि कडधान्य वरंब्यावर. हे एवढं पाळलंत तर बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं.

वरंबे मे महिन्यातच काढून ठेवा. मिरगाचा, म्हणजे जूनच्या सुरुवातीचा, पाऊस आल्यावर ओल्या मातीत फावडं मारू नका, माती घट्ट बसते. दोन हात रुंद आणि वीतभर उंच वरंबा पुरे. दोन वरंब्यांच्या मध्ये नाचणीच्या आठ ओळी बसतील एवढी जागा, म्हणजे साधारण चार हात, मोजून सोडायची. वरंबे उताराला आडवे काढायचे, पण अगदी सपाट पातळीत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन मी आणि जाऊबाई दोन टोकांना उभ्या राहतो आणि दहा हातांवर एक बोटभर उतार देतो. पाणी चालत गेलं पाहिजे, पळत नाही. अगदी पातळीत वरंबा काढला की मोठ्या सरीला तो मधेच फुटतो आणि फुटला की खालचे सगळे घेऊन जातो. वरंब्यांचं शेवटचं टोक गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाजूला काढलेल्या चरात सोडायचं आणि चराच्या तोंडाशी जांभ्याचे चार चिरे आडवे टाकायचे, म्हणजे माती तिथे अडते. ती माती मे महिन्यात घमेल्याने परत वर.

शेणखत बारा गुंठ्यांना तीस पाट्या लागतात. पैकी निम्मं मी वरंब्यांवरच घालते, चुलीच्या राखेबरोबर. जांभ्याची माती आंबट असते आणि स्फुरद धरून ठेवते, पिकाला देत नाही. राखेने आंबटपणा थोडा उतरतो. कडधान्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी यायला ते लागतंच.

बियाणं किती? बारा गुंठ्यांना नाचणी सहा-सातशे ग्रॅम, तूर दोनशे ग्रॅम, उडीद पाव किलो. लोकांना हे फारच थोडं वाटतं. पण नाचणी लावणीची असली की एवढीच लागते, आणि तूर तर मोजून टोकायची आहे. नाचणीत मी दापोली विद्यापीठाचं दापोली १ हे वाण लावते. तूर घरचीच, उशिराची. लवकर येणारी तूर घेऊ नका. तिची फुलं पावसातच येतील आणि गळतील.

कडधान्याच्या बियाण्याला पेरण्यापूर्वी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी आणणारं जिवाणू खत, लावा. एक किलो बियाण्याला पंचवीस ग्रॅम, म्हणजे आपल्या तुरीला एक लहान चमचा आणि पुढे उडीद पेरताना त्याला एक. गुळाच्या कोमट पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उन्हात ठेवलंत तर जिवाणू मेले म्हणून समजा. तूर, उडीद, चवळी, कुळीथ या सगळ्यांना एकाच गटाचा जिवाणू चालतो, तेव्हा एकच पाकीट आणून शेजारणीबरोबर वाटून घेतलं तरी चालतं. पाकिटावरची मुदत तेवढी बघून घ्या.

मिरगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच दिवसांत दोन कामं. दाढीत, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, नाचणी पेरायची आणि वरंब्यावर तूर टोकायची. दाढीला मी आता कवळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या-पाला, भाजत नाही. गादीवाफा करून त्यावर बारीक शेणखत पसरते आणि ओळीत विरळ पेरते. रोप जाडजूड मिळतं. तूर मात्र एकाआड एक वरंब्यावरच. मधले वरंबे उडदासाठी रिकामे ठेवायचे. तुरीला सव्वा हातावर एक भोक, त्यात दोन-तीन दाणे, पंधरा दिवसांनी एकच रोप ठेवायचं. हे अंतर बघून आत्या बोलल्या होत्या, "एवढी लांब लांब का गो लावतेस, जमीन उघडी पडली सगळी." जानेवारीत त्यांनीच ते झाड हाताने बाजूला करून वाट काढली. दाट लावलेली तूर सप्टेंबरपासून नाचणीवर सावली धरते आणि नाचणी उजेडासाठी उंच होऊन लोळते.

तूर मिरगातच का, तर पुनर्वसूचा, म्हणजे जुलैतला, जोर येईपर्यंत तिला चार आठवडे मिळतात. रोप वीतभर झालेलं असलं की झड सोसतं. आर्द्रा संपता संपता लावलेली तूर मी दोनदा गमावली आहे.

नाचणीचं रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की लावणी. ओळींत एक वीत, रोपांत अर्धी वीत, एका जागी एक किंवा दोन रोपं. दोरी धरून लावा. दोरीला वेळ जातो, मान्य, पण बेणणीला, म्हणजे तण काढायला, तोच वेळ परत मिळतो. वरंब्याच्या पायथ्यापासून पहिली ओळ मात्र जवळ घेऊ नका, वीतभर सोडा.

आता उडीद. सगळ्यात जास्त चूक इथे होते. बहुतेक जण तुरीबरोबरच मिरगात उडीद पेरतात. उडीद सत्तर-पंचाहत्तर दिवसांत येतो, म्हणजे ऑगस्टअखेर, ऐन पावसात शेंगा पिकतात. माझ्या अशा शेंगा झाडावरच उगवल्या होत्या. फोडली की आत पांढरे कोंब. सगळा उडीद गुरांना गेला. तेव्हापासून मी पुष्य नक्षत्र लागल्यावर, म्हणजे २० जुलैच्या आसपास, पावसाची उघडीप बघून रिकाम्या वरंब्यांच्या दोन्ही खांद्यांवर उडीद टोकते. शेंगा हस्तात, चित्रात, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास, पिकतात. हस्ताचा पाऊस दुपारनंतर येतो, तेव्हा सकाळी ऊन पडून दव सुकलं की पिकलेल्या तेवढ्या शेंगा खुडून घ्यायच्या. एकदम कापणीची वाट बघायची नाही.

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. त्या पावसात इकडेही चार दिवस डोळा उघडता येत नव्हता. इरलं घेऊन वर गेले तेव्हा नाचणीच्या ओळींतून पाणी वाहत होतं, वरंब्यांची डोकी तेवढी वर होती, आणि त्यावर तुरीची रोपं उभी. दोन वरंबे फुटले होते, ते हातानेच चिरे लावून बुजवले. त्या वर्षी घरात तूर आली. मला त्या रोपांचं फार कौतुक वाटलं होतं, अजून वाटतं.

लावणीनंतर महिन्याभरात एक बेणणी आणि उघडीप बघून नाचणीच्या ओळींना थोडा युरिया. एवढ्या पावसात नत्र वाहून जातं, नाचणी पिवळी दिसते, तेव्हा द्यावाच लागतो. वरंब्यावर मात्र एक दाणाही पडू देऊ नका. कडधान्याला आयतं नत्र मिळालं की ते गाठी धरत नाही. आणि एक गैरसमज काढून टाका. तुरीच्या गाठींतलं नत्र त्याच वर्षी शेजारच्या नाचणीला मिळतं असं सांगतात. फार थोडं मिळतं. खरा फायदा पुढच्या वर्षी होतो, मुळं आणि गळलेला पाला मातीत कुजल्यावर. म्हणून मी दर वर्षी वरंब्याची जागा सरकवते. गेल्या वर्षीच्या तुरीच्या जागेवर यंदाची नाचणी आली की पान बघूनच ओळखू येते, काळपट हिरवी, रुंद.

गाठी काम करतायत की नाही, ते बघायची एक खूण आहे. उडीद फुलावर आला की, ऑगस्टच्या शेवटी, कडेचं एक झाड हिसका न देता मातीसकट उकरून काढा. ओढून काढलंत तर गाठी मातीतच राहतील. बादलीत हलकेच धुवा. मुळावर मोहरीएवढ्या, कुठे ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी, तांबूस रंग दिसला की ती चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर रिकामी. पाच-सहा गाठी फोडून बघा. बहुतेक पांढऱ्या निघाल्या तर पुढच्या वर्षी राख वाढवा, जिवाणू ताजे आणा.

नाचणीची कणसं चित्रात तयार होतात, पण एकदम नाही. बोटं आत वळून मूठ मिटल्यासारखी झाली आणि दाणा नखाला कठीण लागला की खुडायची. दोन खेपा होतात. ताटं उभीच ठेवायची आणि नंतर वीतभर बुडखा सोडून कापायची. तो बुडखा आणि वरचा पातेरा जमिनीवर राहिला की तुरीखालची ओल आठ-दहा दिवस जास्त टिकते. आणि ही ओलच तुरीचं भांडवल. नाचणीची मुळं वरच्या मातीत पसरतात, तुरीचं मूळ जांभ्याच्या फटी शोधत खाली जातं. नाचणी निघाली की सगळी ओल, सगळा उजेड तिचा. नोव्हेंबरात फूल, जानेवारीत शेंग.

उताराच्या खालच्या अंगाला, जिथे माती कमरेएवढी आहे, तिथे नाचणी खुडल्यावर लगेच कुळीथ टाकता येतो. वरच्या अंगाला त्या भानगडीत पडू नका, बियाणं फुकट जातं.

तुरीला शेंगा पोखरणारी अळी लागते. देशावर निंबोळीचा अर्क मारतात. आमच्याकडे कडुनिंब फारसा नाही आणि निंबोळ्या आणायच्या कुठून? मी सकाळी झाडाखाली जुनं लुगडं पसरते आणि झाड हलवते. अळ्या पडतात, त्या कोंबड्यांना. झाडं मोजकीच असतात, तेव्हा हे जमतं. पक्ष्यांना बसायला शेतात चार काटक्याही उभ्या करा. रानडुकरांवर मात्र खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही. जुन्या साड्यांचं कुंपण करतो, कणसं भरल्यावर पंधरा रात्री आळीपाळीने माळ्यावर जागतो. पाच घरांनी शेजारी-शेजारी नाचणी केली तर राखण वाटून होते. एकट्याने रानाच्या कडेला करू नका.

गेल्या हंगामात नाचणी सव्वाशे किलो, तूर बावीस किलो, उडीद नऊ किलो झाला. नुसती नाचणी असती तर दीडशेपर्यंत गेली असती. पंचवीस किलो नाचणी सोडून एकतीस किलो कडधान्य आणि पोसलेली जमीन मिळाली, हा हिशेब मला पटतो. घरातल्या पोरांना भाकरीबरोबर वरण मिळतं, तेही आपल्या शेतातलं.

बियाण्याची तूर वेगळी काढून चार दिवस ऊन द्या, चाळलेली राख मिसळून मडक्यात भरा आणि तोंड शेणमातीने लिंपा. नाचणीची बियाण्याची कणसं झोडायची नाहीत. पहिल्या खुडणीतली, मधल्या ओळींतली, करप्या रोगाचा एकही डाग नसलेली निवडून जुडी बांधून चुलीच्या वर आढ्याला टांगा. मिरगाच्या आदल्या आठवड्यात खाली काढली की पुरे.