मेकॅनिकलमधून एरोस्पेस संशोधनाकडे कसं वळायचं

मी सांगलीची, बी.ई. मेकॅनिकल. पुढे बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) एम.टेक. (रिसर्च) केलं. गावाकडची मुलं विचारतात, "ताई, विमानाची पदवी नसली तर चालतं का?" चालतं.

आधी गेट द्या, म्हणजे एम.टेक.सारख्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. एरोस्पेसचा पेपर वेगळा असतो, पण मेकॅनिकलच्या गुणांवरही अर्ज करता येतो. गुण ३ वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षालाच बसून बघा.

खरा कस मुलाखतीत लागतो. मला फळ्यावर पंखाचा छेद काढायला लावला आणि विचारलं, हवा पृष्ठभाग सोडते ती का? पुढे दाब वाढत गेला की पृष्ठभागालगतची मंदावलेली हवा त्याला तोंड देऊ शकत नाही, उलटी वळते, प्रवाह सुटतो. सूत्र नंतर आलं तरी चालेल. हे चित्र आधी डोळ्यांसमोर यायला हवं. त्यासाठी गणित पक्कं करा, विशेषतः अवकल समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स). मी रोज सकाळी दोन तास त्यांनाच दिले.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला. प्रयोग करायचा असेल तर वातबोगदा (मॉडेलवर हवा सोडून चाचणी घ्यायची यंत्रणा) किती दिवस मिळतो, मॉडेल कोण बनवून देतं, हे आधीच विचारा. संगणकावर काम करणार असाल तर पहिल्या दिवसापासून जाळी (गणितासाठी हवेचा भाग ज्या छोट्या चौकटींत विभागतो ती) बारीक करून उत्तर बदलतं का ते तपासा. मी ते टाळलं आणि दोन महिन्यांची गणितं पुन्हा करावी लागली.